लिनक्सचा वाडा: कोणती खोली कशासाठी?



आपल्या ग्रंथालयातल्या जुन्या संगणकावर गेल्या वर्षी लिनक्स बसवले, हे बहुतेक सभासदांना ठाऊक आहे. संगणक जुना, नव्या विंडोजचा भार त्याला पेलेना, आणि नवा घ्यायचा तर निधीचा प्रश्न. लिनक्स मोफत मिळते, त्याची मूळ संहिता कुणालाही पाहता येते, बदलता येते, आणि जुन्या यंत्रावरही ते बऱ्यापैकी चालते. तेव्हा निर्णय सोपा होता. पण नव्या घरात राहायला गेल्यावर कुठल्या खोलीत काय ठेवायचे, हे आधी पाहून घ्यावे लागते. ते न पाहिल्यामुळे माझ्या हातून जे घडले, ते सांगूनच सुरुवात करतो.

जुनी हस्तलिखिते आणि घरगुती वह्या स्कॅन करून ठेवण्याचे काम आम्ही तिघे-चौघे करत होतो. ग्वाल्हेरहून एक कुटुंब दोन दिवसांसाठी आले होते. त्यांनी त्यांच्या आजींच्या हातची ओव्यांची वही स्कॅनिंगसाठी दिली. आमच्यापैकी प्रत्येकाचे लॉगिन वेगळे, म्हणून सर्वांना उघडता येईल असे एक फोल्डर हवे होते. मी सगळ्यात वरच्या ठिकाणी फोल्डर करायला गेलो, तर 'परवानगी नाही' असे उत्तर आले. दुसरीकडे, तिसरीकडे प्रयत्न केला, तेच उत्तर. शेवटी 'टेंप' नावाचे एक ठिकाण सापडले. तिथे कुणीच अडवले नाही. 'एकदाची उघडी खोली मिळाली' असे म्हणून मी सगळी पाने तिथे ठेवली. वही त्या कुटुंबाबरोबर परत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली, संगणक बंद पडला, आणि पुन्हा सुरू केला तेव्हा ते फोल्डर रिकामे होते.

संगणक बिघडला नव्हता. त्याने नेमून दिलेले कामच केले होते. 'टेंप' हे नाव 'तात्पुरते' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचे संक्षिप्त रूप आहे आणि ती खोली पुसून काढण्यासाठीच असते. चूक माझीच होती. लिनक्समध्ये फाइल कुठे ठेवली यावरून ती किती काळ टिकणार, ती कुणाच्या मालकीची आणि तिचा बॅकअप घ्यायचा की नाही, हे बरेचसे ठरते. एवढी एकच गोष्ट ध्यानात आली, की बाकीचे आपोआप समजते.

सगळे एकाच दिंडी दरवाजातून

विंडोजवर आपल्याला सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह यांची सवय असते. प्रत्येक डिस्क म्हणजे जणू शेजारी शेजारी बांधलेला वेगळा बंगला. पेन ड्राइव्ह लावला की आणखी एक बंगला उभा राहतो. लिनक्समध्ये तसे नाही. तिथे वाडा एकच. त्याचा दिंडी दरवाजा म्हणजे एक तिरकी रेघ: '/'. हिला 'रूट' म्हणजे मूळ म्हणतात. यंत्रात एक डिस्क असो की चार, पेन ड्राइव्ह लावलेला असो की नसो, प्रत्येक फाइलचा पत्ता या रेघेपासूनच सुरू होतो. दुसरी डिस्क जोडली की तिला या वाड्यातल्याच एखाद्या खोलीत जागा देतात. या क्रियेला 'माउंट' करणे म्हणतात. तुम्ही त्या खोलीत पाऊल टाकता तेव्हा प्रत्यक्षात वेगळ्या डिस्कवर गेलेले असता, पण पत्ता मात्र वाड्याचाच राहतो.

पुढे खोल्यांची नावे देवनागरीत लिहिली आहेत. पडद्यावर ती इंग्रजी लहान अक्षरांत दिसतील, म्हणून गरज आहे तिथे अक्षरेही सांगितली आहेत.

आपली राहती खोली: होम

वाड्यात राहणाऱ्या प्रत्येकाची स्वतःची खोली 'होम'मध्ये असते. 'ग्रंथालय' नावाचे लॉगिन असेल तर त्याची जागा '/होम/ग्रंथालय'. कागदपत्रे, छायाचित्रे, गाणी, डाउनलोड केलेल्या फाइली, सगळे इथे. इथे तुम्ही मालक आहात. काहीही करा, मोडा, पुन्हा मांडा. फार तर स्वतःचे नुकसान कराल, संगणक बंद पडणार नाही. दुसऱ्याच्या खोलीत मात्र परवानगीशिवाय लिहिता येत नाही.

या खोलीत काही कोनाडे झाकलेले असतात. ज्या फाइलचे किंवा फोल्डरचे नाव टिंबाने सुरू होते, ते एरवी दिसत नाही. तुमच्या प्रोग्रामांच्या आवडीनिवडी, पुष्कळदा ईमेलचा साठा, अशा गोष्टी या कोनाड्यांत असतात. बहुतेक फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल आणि एच ही बटणे एकत्र दाबली की ते दिसू लागतात. बॅकअप घेताना नुसती डोळ्यांना दिसणारी फोल्डरे उचलली तर हे कोनाडे मागे राहतात, आणि ते महत्त्वाचे होते हे पुढे कधीतरी कळते.

एक खुलासा. 'रूट' नावाची आणखी एक खोली दिसेल. ती वाड्याचा मूळ दरवाजा नव्हे. संगणकाचा सर्वाधिकारी जो वापरकर्ता, त्याचेही नाव 'रूट'च आहे, आणि ती त्याची खासगी खोली आहे. नावाच्या या सारखेपणामुळे नवीन माणूस हमखास गोंधळतो.

कारभाऱ्याची दप्तरे: ईटीसी

ई, टी, सी अशी तीन अक्षरे दिसतील. नाव 'इत्यादी' या अर्थाच्या शब्दावरून आले, पण काम अजिबात किरकोळ नाही. संपूर्ण संगणकाच्या सेटिंग्ज इथे लिहिलेल्या असतात: कोणकोणती लॉगिने आहेत, सुरू होताना कोणती डिस्क कुठल्या खोलीत जोडायची, नेटवर्कचे नाव काय. यांतल्या जवळजवळ सगळ्या फाइली साध्या मजकुराच्या आहेत. त्या उघडून वाचता येतात, कागदावर छापताही येतात. वाड्याचा कारभार कसा चालतो हे समजून घ्यायचे असेल तर ही दप्तरे चाळावीत. लिहिण्याचा अधिकार मात्र फक्त कारभाऱ्याला, म्हणजे रूटला.

भांडीकुंडी आणि हत्यारे: यूएसआर

बसवलेले प्रोग्राम, त्यांना लागणारी सामायिक सामग्री, चिन्हे, फॉन्ट, मदतीची पाने हे सगळे 'यूएसआर'मध्ये असते. आत 'बिन' म्हणजे चालवायचे प्रोग्राम, 'लिब' म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात ती सामग्री, 'शेअर' म्हणजे बाकीचा सामायिक ऐवज. आपला मराठी फॉन्ट सगळ्या वापरकर्त्यांना मिळावा असा बसवला तर तो '/यूएसआर/शेअर/फॉन्ट्स'मध्ये सापडतो. इथल्या वस्तू अपडेटबरोबर बदलतात, म्हणून इथे हाताने काही ठेवू नये आणि काढूही नये. यातले जे आहे ते इंटरनेटवरून पुन्हा आणता येते, त्यामुळे त्याच्या बॅकअपची काळजी नको.

रोज वाढणारी कोठी: वार

वी, ए, आर. हे 'बदलते' या अर्थाच्या शब्दाचे लघुरूप आहे. संगणक चालू असताना जे सतत वाढते ते इथे जमते. 'लॉग' या फोल्डरात रोजनिशी असते: संगणक कधी सुरू झाला, कुठे अडखळला, कुणी चुकीचा पासवर्ड दिला. छपाईसाठी रांगेत थांबलेली पानेही इथेच. डिस्क भरल्याची तक्रार आली आणि आपण तर फार काही साठवलेले नाही, अशा वेळी आधी ही कोठी पाहावी.

ग्रंथालये चालवणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी. 'कोहा' हे पुस्तकांची नोंद ठेवणारे मुक्त सॉफ्टवेअर भारतात अनेक ठिकाणी वापरले जाते. त्याची सगळी यादी, म्हणजे पुस्तके, सभासद, देवघेव, एका डेटाबेसमध्ये असते आणि तो डेटाबेस सहसा 'वार'च्या पोटात राहतो. कुणी फक्त 'होम'चा बॅकअप घेतला तर सगळी छायाचित्रे वाचतील आणि पुस्तकांची यादी जाईल. शिवाय चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून नेणे धोक्याचे. त्याची प्रत डेटाबेसच्याच आज्ञेने काढावी लागते.

धर्मशाळा: टेंप

आता त्या उघड्या खोलीकडे. टी, एम, पी. इथे कुणालाही लिहिता येते, कारण प्रोग्रामांना मधल्या टप्प्यावरचे कच्चे सामान ठेवायला सामायिक जागा लागते. तुमची फाइल दुसऱ्या सामान्य वापरकर्त्याला पुसता येत नाही, एवढा बंदोबस्त असतो. पण ती टिकेल याची हमी मुळीच नसते. उबुंटूवर संगणक नव्याने सुरू होताना ही खोली झाडून काढतात. फेडोरामध्ये आणि डेबियनच्या २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीत तर ही खोली डिस्कवर नसून मेमरीत असते, म्हणजे वीज गेली की खोलीच नाहीशी होते. मला 'परवानगी नाही' असे सांगणाऱ्या बाकीच्या सगळ्या खोल्या माझ्या भल्याचेच सांगत होत्या. जिने अडवले नाही तिथेच मी फसलो.

पाहुण्यांची जागा आणि काही मायावी खोल्या

पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, बाहेरची हार्ड डिस्क लावली की उबुंटू, डेबियन यांसारख्या प्रणालींत ती 'मीडिया'मध्ये तुमच्या नावाखाली दिसते. फेडोरामध्ये तीच '/रन/मीडिया'मध्ये सापडते. काढण्याआधी 'इजेक्ट' म्हणायला विसरू नये. लिहायचे काही बाकी असेल तर ते त्या वेळी पूर्ण होते.

'डेव्ह' या खोलीत यंत्राचे भाग फाइलींच्या रूपात दिसतात: डिस्क, कीबोर्ड, ध्वनियंत्रणा. त्यातच 'नल' नावाची एक फाइल आहे. तिच्यात काहीही टाका, ते कायमचे नाहीसे होते. 'प्रॉक' आणि 'सिस' या खोल्यांतले तर काहीच डिस्कवर नसते. तुम्ही फाइल उघडता त्या क्षणी लिनक्सचा गाभा उत्तर तयार करून देतो. '/प्रॉक/सीपीयूइन्फो' उघडली की आपल्या प्रोसेसरची सगळी माहिती मिळते. याच 'प्रॉक'मध्ये एक फाइल आहे, जिचा आकार ६४ बिटांच्या संगणकांवर बहुधा शंभर टीबीहून अधिक दाखवला जातो! घाबरू नये आणि ती पुसायलाही जाऊ नये. तो मेमरीचा आरसा आहे, डिस्कवर तिने तसूभरही जागा अडवलेली नसते. बॅकअपमध्ये या तिन्ही खोल्या घ्यायच्या नाहीत.

ही नावे अशी का?

या नावांमागे ठरवून केलेली रचना कमी आणि गरजेपोटी केलेली सोय जास्त आहे. लिनक्सने ही मांडणी युनिक्सकडून घेतली. युनिक्सचे काम अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९मध्ये सुरू केले. त्या वेळच्या डिस्क जेमतेम काही एमबीच्या, म्हणजे आजच्या मोबाइलमधला एखादा फोटोदेखील त्यांवर मावणे कठीण. 'यूएसआर' हे तेव्हा खरोखरच 'यूजर'चे, वापरकर्त्यांचे ठिकाण होते आणि लोकांच्या फाइली तिथे असत. पहिल्या डिस्कवर प्रणाली मावेनाशी झाली तेव्हा उरलेले प्रोग्राम वापरकर्त्यांच्या डिस्कवर नेऊन ठेवले. पुढे प्रोग्रामांनी ती जागा व्यापली आणि वापरकर्त्यांना 'होम' हे नवे घर मिळाले. पाहुणा आला आणि यजमानाने बाहेर बिऱ्हाड केले, असाच हा प्रकार.

१९९१मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स जगासमोर आणले. निरनिराळे गट आपापल्या परीने ते बांधू लागले, आणि एकाने जिथे फाइल ठेवली तिथे ती दुसऱ्याकडे सापडेना. म्हणून फेब्रुवारी १९९४मध्ये फाइलींच्या जागांबद्दल एक सामायिक मानक प्रसिद्ध झाले. त्याचीच पुढची वाट 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड' अशी झाली आणि त्याची तिसरी आवृत्ती २०१५मध्ये आली. हे मानक पाळायची सक्ती कुणावर नाही, तरी बहुतेक लिनक्स-प्रणाली ते पुष्कळसे पाळतात. म्हणूनच उबुंटूवर शिकलेले डेबियनवर चालते, आणि डेबियनच्या आधारावर सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेल्या 'बॉस' या प्रणालीवरही चालते.

जुन्या सोयीचा एक अवशेष अजून दिसतो. दरवाजातून आत आल्याबरोबर 'बिन' आणि 'लिब' आहेत, आणि 'यूएसआर'च्या आतही त्याच नावांची फोल्डरे आहेत. डिस्क मोठ्या झाल्यावर या दुहेरी व्यवस्थेची गरज उरली नाही. फेडोराने २०१२मध्ये दोन्ही एकत्र केली, डेबियनने २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते बंधनकारक केले. आता बाहेरचे 'बिन' ही केवळ 'आत जा' असे सांगणारी पाटी आहे. जुने प्रोग्राम जुन्या पत्त्यावर येतात, म्हणून पाटी ठेवली आहे एवढेच.

मराठी नावे देताना

फाइलींची नावे खुशाल मराठीत द्या. लिनक्सला त्याचे वावडे नाही. नावात '/' चालत नाही, कारण तिचा अर्थ 'आतली खोली' असा होतो. दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली, नावाची मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार सुटे मोजले जाऊन प्रत्येकी तीन बाइट घेतात. 'दिवाळी' या शब्दाचेच अठरा बाइट होतात. म्हणजे अशी पंच्याऐंशी चिन्हे झाली की नाव संपले. फाइलच्या नावातच लेखाचे पूर्ण शीर्षक, लेखक आणि साल घालणाऱ्यांना ही अडचण येते.

दुसरी गोष्ट खास आपल्या मराठीची. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला अर्धा 'र' कीबोर्डप्रमाणे वेगवेगळ्या रीतीने टाइप होतो. डोळ्यांना शब्द तोच दिसतो, पण लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. एकाच फोल्डरात तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली आढळल्या, किंवा शोधूनही फाइल सापडेना, तर कारण हे असू शकते. एका कामासाठी सगळ्यांनी एकच कीबोर्ड वापरावा, हा सोपा उपाय.

मग बॅकअप कशाचा घ्यायचा?

थोडक्यात सांगायचे तर 'होम' पूर्ण घ्या, झाकलेल्या कोनाड्यांसकट. 'ईटीसी' घ्या, ती लहान असते आणि संगणक पुन्हा उभा करताना फार वेळ वाचवते. 'वार'मध्ये डेटाबेस असेल तर त्याची रीतसर प्रत काढा. 'यूएसआर' आणि 'बूट' सोडून द्या, ते नव्याने बसवता येतात. 'टेंप', 'डेव्ह', 'प्रॉक', 'सिस', 'रन' यांना हातही लावू नका. आणि बॅकअप त्याच डिस्कवर ठेवू नका. वाड्याला आग लागली तर वाड्यातली दुसरी तिजोरी काय कामाची?

आमच्या सामायिक कामासाठी आता 'एसआरव्ही'मध्ये एक फोल्डर केले आहे. स्कॅन करणाऱ्यांचा एक गट केला आणि त्या गटाला तिथे लिहिण्याची परवानगी दिली. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलला मालक, गट आणि इतर अशा तीन जणांसाठी वेगवेगळी परवानगी देता येते. आम्हाला सुरुवातीपासून हेच हवे होते. ते ठाऊक नव्हते, म्हणून मी धर्मशाळेत तिजोरी नेऊन ठेवली. या फोल्डराची प्रत दर रविवारी बाहेरच्या डिस्कवर जाते.

राहता राहिली ती वही. ग्वाल्हेरला फोन करून झाला प्रकार सांगताना जीभ जड झाली होती. पण त्या मंडळींनी रागावण्याऐवजी दिवाळीत येताना वही पुन्हा आणली. आजींनी पेन्सिलीने लिहिलेल्या काही ओळी इतक्या पुसट झाल्या आहेत, की आणखी काही वर्षांनी त्या वाचता येतील असे वाटत नाही. आता ती पाने टिकतील अशा ठिकाणी आहेत.

ज्यांच्या घरी अशा वह्या, पत्रे, जुने हिशेब, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका असतील त्यांनी जरूर आणाव्यात. आणि घरच्या संगणकावर लिनक्स असेल तर आज एकदा फाइल मॅनेजर उघडून '/' पासून सुरुवात करून प्रत्येक खोलीत डोकावून या. नुसते पाहिल्याने काहीही बिघडत नाही. आपली मोलाची वस्तू कुठल्या खोलीत आहे, एवढे मात्र नक्की पाहून घ्या.